आवडतोस

‘सांगितलं’ हे क्रियापद कॉलेजच्या दिवसांत मी जितकं राबवलं तितकं क्वचितच कुणी राबवलं असेल.

कारण साधं होतं. ‘म्हणाला’ म्हटलं की बोलणारा पुरुष ठरतो, ‘म्हणाली’ म्हटलं की बाई. आला-आली, हसला-हसली, रुसला-रुसली, सगळीकडे तीच पंचाईत. पण ‘सांगितलं’ला कशाचंच सोयरसुतक नसतं. त्याने सांगितलं, तिने सांगितलं. आधीचा शब्द गिळून टाकला की उरतं नुसतंच ‘सांगितलं’. विचारलं, कळवलं, पाठवलं, बोलावलं, ही मंडळीही तशीच भरवशाची. शाळेत कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग घोकले, तेव्हा ते परीक्षेपलीकडे कधी कामाला येतील असं वाटलं नव्हतं. ते माझ्या प्रेमप्रकरणात आले.

रात्री साडेअकराला मी फोन घेऊन होस्टेलच्या जिन्यात बसायचो. परत खोलीत आलो की रूममेट पांघरुणातून विचारायचा, “काय म्हणते?” हे ‘म्हणते’ त्याने स्वतःच ठरवून टाकलेलं. मी काही त्याला ‘ती’ असं सांगितलं नव्हतं. मी म्हणायचो, “काही नाही रे, उद्या लवकर यायला सांगितलंय.” कधी फारच खोदून विचारलं तर मी ‘व्यक्ती’ हा शब्द काढायचो. मराठीत हा शब्द स्त्रीलिंगी आहे, हे आपल्या भाषेचे माझ्यावरचे उपकार. “ती व्यक्ती जरा वेगळी आहे,” असं मी अगदी खरं बोलायचो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ओढणी उभी राहायची. खोटं एक अक्षर नाही. मला स्वतःच्या या हुशारीचं फार कौतुक होतं.

आठवड्याभरात त्या व्यक्तीची ‘वहिनी’ झाली. “वहिनींचा फोन,” “वहिनींना विचार,” “वहिनी बऱ्या आहेत ना?” खोलीत आम्ही तिघं. तिघांपैकी दोघांना वहिनींची भारी काळजी.

आणि बहुतेक वेळा वहिनी तिथेच बसलेल्या असायच्या. माझ्या पलंगावर, भिंतीला पाठ टेकून, मांडीवर नोट्स घेऊन. तो आमच्याच वर्गातला. घरून ये-जा करायचा, पण अभ्यासाच्या नावाखाली अर्धा दिवस आमच्या खोलीत असायचा. रूममेटने ओरडून विचारलं, “आज वहिनींचा मेसेज नाही का रे?” की तो वहीतून मान वर न करता म्हणायचा, “रागावल्या असतील.” मग आम्ही चौघंही हसायचो. चौघांची कारणं वेगवेगळी.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. तेव्हा लपवायचं होतं म्हणून घेत नव्हतो. आता ते त्याचं आहे, माझ्या लेखात वापरायचं नाही, म्हणून घेत नाही.

सुरुवात झाली ती एका सेमिनारच्या आदल्या रात्री. दोघांच्या नावावर एकच विषय. रात्रीचे दोन वाजले होते, बाकीचे झोपले होते आणि लॅपटॉपच्या उजेडात आम्ही स्लाइड्स लावत होतो. चौदावी स्लाइड चालू असताना, स्क्रीनकडेच बघत, तो म्हणाला, “मला तू आवडतोस.”

मी म्हणालो, “स्लाइड पुढे घे.”

त्याने घेतली.

त्या रात्री मी झोपलो नाही हे सांगायला नकोच. पण माझ्या डोक्यात प्रेमाइतकंच व्याकरण घुमत होतं. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ म्हटलं असतं तर त्यात म्हणणारा पुरुष आहे एवढंच कळलं असतं. ऐकणारा कुणीही असू शकतो. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हटलं असतं तर दोघांचाही पत्ता लागला नसता. जगातलं सर्वांत सुरक्षित वाक्य आहे ते, कुठेही लिहून ठेवावं. पण ‘मला तू आवडतोस’ या वाक्यात बोलणारा झाकलेला राहतो आणि ज्याच्यावर जीव आहे तो उघडा पडतो. ‘तेस’ नाही, ‘तोस’. पुरुष म्हणूनच, असाच्या असा, आवडतोस. सबंध वाक्यात लपायला जागा नव्हती आणि उघडा पडलो होतो मी.

चार दिवसांनी मी त्याला मेसेज केला: “माझंही.” एक शब्द, पूर्णविराम. काय माझंही, कुणावर, काही नाही. पुढे त्याने हा मेसेज मला कितीदा तरी ऐकवला.

वाचणाऱ्याला वाटेल की हा मुलगा स्वतःला समजून घेण्याच्या धडपडीत असेल. तसं नव्हतं. मी गे आहे हे मला सतराव्या वर्षापासून पक्कं माहीत होतं आणि कॉलेजला येईपर्यंत ते मी पचवलंही होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. मी मनाशी एक बेत आखला होता. कुणाला सांगायचं नाही, कुणात गुंतायचं नाही. शिकायचं, नोकरी करायची, पुस्तकं वाचायची, एकटं राहायचं. हा बेत मला वाईट वाटत नव्हता. उलट त्यात एक रुबाब होता. एकट्या माणसाला कुणी काही विचारत नाही, फार तर ‘जरा तुसडा आहे’ म्हणतात.

या बेतात कुणाला मी आवडण्याची सोयच नव्हती. ‘मी असा आहे’ हे वाक्य मी बंद खोलीत, मनातल्या मनात म्हणू शकत होतो. त्याला दुसरं माणूस लागत नव्हतं. ‘आपण’ म्हणायला मात्र समोर कुणीतरी लागतं, आणि ते समोरचं माणूस सगळं बघत असतं. त्याने माझा हात धरला की ती गोष्ट घडलेली असायची. दोघांना माहीत असलेली. मला नंतर ती मनातल्या मनात खोडता यायची नाही. एकटेपणाचं मी कुणाला स्पष्टीकरण देणं लागत नव्हतो. सुखाचं मात्र द्यावं लागेल अशी सारखी धास्ती होती, आणि आधी ते मलाच द्यावं लागत होतं.

म्हणून मी नियम केले. वर्गात एका बाकावर बसायचं नाही. कॉरिडॉरमध्ये त्याने दोन पावलं मागे राहायचं किंवा मी. दिवसा मेसेजला दोन शब्दांत उत्तर. त्याचा नंबर ‘प्रोजेक्ट’ या नावाने सेव्ह. रात्री अकरानंतर मी वेगळा माणूस असायचो, हळवा, बडबड्या, त्याला कविता वाचून दाखवणारा. सकाळी पुन्हा ‘हो’, ‘ठीक’, ‘बघू’. तो याला ऑफिस अवर्स म्हणायचा. “साहेब कितीला उघडतात?” असं विचारायचा. सुरुवातीला हसून.

यातली विचित्र गोष्ट अशी की यातल्या बहुतेक नियमांची गरजच नव्हती. दोन मुलं एका बाकावर बसली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हिंडली, एका पांघरुणात झोपली तरी कुणाला काही वाटत नाही. ‘मित्र’ या शब्दाइतकी प्रशस्त लपायची जागा दुसरी नाही. मी दिवसातून दहा वेळा त्याचं नाव घेतलं असतं, राजरोस ‘तो म्हणाला, तो म्हणाला’ केलं असतं, तरी कुणाची भुवई वर झाली नसती. मग मी कुणापासून लपवत होतो?

मायकल स्लेपियन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये गुपितांवर काही अभ्यास प्रसिद्ध केले. चारचौघांत गुपित झाकावं लागण्याचे प्रसंग लोकांना त्या मानाने कमी येतात, पण एकटं असताना मन त्या गुपिताकडे पुन्हा पुन्हा जात राहतं. आणि माणूस खचण्याशी संबंध दिसतो तो या दुसऱ्या गोष्टीचा. हे मी पुष्कळ नंतर वाचलं. वाचताना तो जिना आठवला. लपवण्याचा खरा प्रसंग दिवसातून पाच मिनिटांचा, ‘काय म्हणते?’ एवढाच. उरलेला सगळा वेळ मी त्या पाच मिनिटांची तालीम करत होतो.

तेव्हा मात्र माझा विश्वास पुस्तकांवर होता. लायब्ररीत मानसशास्त्राचं एक कपाट होतं आणि मी ज्या शाखेला होतो तिचा त्या कपाटाशी काही संबंध नव्हता, म्हणून मी तिथे जाताना हातात दुसरं पुस्तक धरून जायचो. समलैंगिकता आजारांच्या यादीतून गेली हे मला ऐकून माहीत होतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ती १९७३ मध्ये काढली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी. मला वाटलं होतं, विषय संपला. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच, दहाव्या यादीची पानं उलटताना मला ‘एफ ६६’ सापडला. सुरुवातीलाच लिहिलं होतं की लैंगिक ओढ हा स्वतःहून आजार मानू नये. आणि खाली पोटकलमं. ६६.१ म्हणजे ती ओढ स्वतःलाच नकोशी होणं, बदलावीशी वाटणं. ६६.२ म्हणजे तिच्यापायी जोडीदाराशी नातं जुळवणं किंवा टिकवणं कठीण जाणं.

मी ते तीनदा वाचलं. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. नंबर आहे म्हणजे रोग आहे, रोग आहे म्हणजे माझा दोष नाही. त्या रात्री जिन्यात बसून मी त्याला उत्साहाने ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, “म्हणजे मी लक्षण आहे का तुझं?” मला काही सुचेना. तेव्हापासून चिडला की तो मला ‘सहासष्ट पॉइंट दोन’ म्हणायचा.

त्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मान्य झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात हा ६६ चा गट पूर्ण वगळला आहे. अमेरिकेच्या यादीतही हेच झालं होतं: समोरच्या दाराने १९७३ मध्ये बाहेर घालवलेली गोष्ट ‘ज्याला स्वतःलाच त्रास होतो त्याच्यापुरती’ म्हणून मागच्या दाराने १९८७ पर्यंत आत होती. म्हणजे प्रेम करणं आधी निर्दोष सुटलं आणि त्या प्रेमाची लाज वाटणं मात्र कित्येक वर्षं तारखा खात राहिलं. माझ्या बाबतीतही हाच क्रम होता, त्यामुळे मला हे वाचून नवल वाटत नाही.

त्याच शोधाशोधीत मला जॉन फ्रायर भेटला. १९७२ मध्ये डॅलसला अमेरिकेतल्या त्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अधिवेशनात तो मुखवटा, टोप आणि ढगळ सूट घालून मंचावर बसला, आवाज बदलणाऱ्या मायक्रोफोनमधून बोलला आणि मानसोपचारतज्ज्ञांनी भरलेल्या त्या सभागृहाला सांगितलं की मी तुमच्यातलाच एक मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि समलैंगिक आहे. नाव सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. तशी आधी गेलीही होती. मला तेव्हा वाटलं, हा माझाच भाऊ, यालाही चेहरा झाकावा लागला. त्याला हे सांगितलं तर तो पटकन म्हणाला, “त्याने चेहरा झाकला आणि खरं बोलला. तू नेमकं उलटं करतोस.” असा तो. वादात त्याच्याशी कधी जिंकलो नाही.

मोडलं ते वहिनींमुळे.

नुसत्या ‘सांगितलं’वर किती दिवस काढणार? रूममेट विचारत गेले आणि मी थोडं थोडं देत गेलो. वहिनींना दुसऱ्या कॉलेजात घातलं. एक भाऊ दिला. पण माणूस उभं करायचं तर नुसत्या पत्त्याने भागत नाही, सवयी लागतात, आणि मला एकाच माणसाच्या सवयी तोंडपाठ होत्या. एका संध्याकाळी मी खोलीत शिरलो तर रूममेट त्याला अगदी रंगात येऊन सांगत होता, “तू भेटलायस का रे तिला? भारी मुलगी आहे म्हणे. शिंकली की सलग तीनदा शिंकते. चश्मा कपाळावर असतो आणि खोलीभर शोधत बसते. आणि रस्ता ओलांडताना याची बाही धरते, हात नाही, बाही!”

तो ऐकत होता. चश्मा त्याच्या कपाळावर होता.

जिन्यात आल्यावर तो भांडला नाही. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. “सगळं माझंच आहे,” तो म्हणाला. “फक्त ‘ला’ची ‘ली’ केलीस.” मी माझं नेहमीचं सुरू केलं, की हे तुझ्यासाठीच, तुझ्यावर संशय येऊ नये म्हणून, तुझ्याही घरी माहीत नाही… त्याने मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाला, “जगाला सांग असं मी कधी म्हटलं?”

नव्हतं म्हटलं. हे मला इथे नीट लिहायचं आहे, कारण अशा गोष्टींत पुढे हटकून ‘मग त्याने धैर्य केलं आणि सगळ्यांना सांगितलं’ असं येतं आणि वाचणाऱ्या एखाद्या मुलाला आपण भेकड आहोत असं वाटायला लागतं. सांगण्याची किंमत प्रत्येकाला वेगळी पडते. कुणाचं घर सुटतं, कुणाचं शिक्षण बंद होतं, कुणाला मार बसतो. त्याला हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्याचं मागणं फार छोटं होतं: आपण दोघंच असू तेव्हा तरी ‘असं काही नाहीये’ असं वागू नकोस. जगापासून त्याला लपवण्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. मी त्याच्यापासूनच त्याला लपवत होतो. त्याच्या जागेवर एक नसलेली मुलगी आणून बसवली होती आणि तिच्याबद्दल चारचौघांत जितक्या मायेने बोलायचो, तितका त्याच्याशी मी दिवसाउजेडी कधीही बोललो नव्हतो.

सात आठवडे तो खोलीवर आला नाही. वर्गात यायचा, दुसऱ्या बाजूला बसायचा. जिन्यातले फोन बंद झाले, तेव्हा रूममेटच्या लक्षात आलं की वहिनींशी बिनसलं. एका रात्री मला रडू फुटलं आणि तो उठून शेजारी येऊन बसला. पाठीवरून हात फिरवत म्हणाला, “जाऊ दे यार, तिला तुझी किंमत नाही.” सांत्वन अगदी मनापासूनचं होतं. पत्ता तेवढा चुकला होता. आणि मला त्या क्षणी स्वतःचा जेवढा राग आला तेवढा पुढेमागे कधीच आला नाही, कारण त्याची बदनामी झालेली मला सहन होईना आणि ती थांबवायची तर मला एक सर्वनाम बदलावं लागणार होतं. मी गप्प राहिलो. त्या रात्री नाही जमलं मला.

जमलं ते परीक्षेच्या थोडं आधी, आणि काही भव्य घडलं नाही. अभ्यासिकेच्या बाहेरच्या कट्ट्यावर तो एकटा बसला होता. दुपार होती, ऑफिस अवर्सच्या बाहेरची वेळ. माझ्या खिशात एक चिठ्ठी होती, तिच्यात ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं ते सुरक्षित वाक्य नीट अक्षरात लिहिलेलं. ती काढलीच नाही. शेजारी बसलो आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालो, “मला तू आवडतोस.” ‘तोस’वर आवाज फाटला. शेजारून दोन मुली हसत गेल्या, आमच्यावर नाही, त्यांच्या त्यांच्या कशावर तरी. तरीही माझ्या पोटात गोळा आला आणि तरीही मी उठलो नाही.

बराच वेळ गेला. तो म्हणाला, “स्लाइड पुढे घे.”

पुढची सगळी हकीकत सांगत बसत नाही. काही वर्षं होतो सोबत, मग नव्हतो. ती दोन माणसांची नेहमीची गोष्ट आहे आणि तिच्यात कुणाच्या लिंगाचा फारसा संबंध नाही. आईशी फोनवर बोलताना त्या काळात मी ‘मित्र’च म्हणत राहिलो. खोलीतला तिसरा जण कळल्यावर काहीच बोलला नाही आणि पुढच्या सत्रात त्याने दुसरी खोली मागून घेतली. तेही झालं.

पण ज्याने पाठीवरून हात फिरवला होता त्याला मी त्याच आठवड्यात सांगायला बसलो. ज्याची गोष्ट होती त्याला विचारूनच; तो म्हणाला होता, सांग, पण नीट सांग. ‘व्यक्ती’ वगैरे न करता सुरुवात केली. “ती मुलगी नव्हती,” एवढंच तोंडून निघालं आणि घशाला कोरड पडली. रूममेट माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी जुळत गेलं, आणि मी वाट बघत होतो त्यातलं काहीच तो बोलला नाही.

“तीन शिंका,” तो म्हणाला.

मी मान डोलावली.

“चश्मा.”

“हो.”

त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. “अरे, मी त्याच्यासमोर काय काय बोललोय यार! ‘तिला तुझी किंमत नाही’ हे कळलं का त्याला?” हे त्याला कळलं नव्हतं. आता कळेल, कारण माझ्या पोटात राहणार नव्हतं. मग तो उठला, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, खिडकी उघडली, बंद केली आणि खऱ्या अडचणीत सापडल्यासारखा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“उद्या तो आला तर मी त्याला काय म्हणू?”

“नावाने हाक मार की,” मी म्हणालो.